सशाचीं पिलें हाताळतांना

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या घरीं एक अनपेक्षित बाळंतपण झालें. आषाढांत मुलांच्या हट्टापायीं धाकट्या चिरंजीवांनीं बाजारांतून सशांची एक जोडी आणिली, तेव्हां विकणाऱ्यानें दोन्ही माद्याच आहेत असें शपथेवर सांगितलें होतें. लहान वयांत सशांमधील नर कोणता व मादी कोणती हें ओळखणें जाणत्यासहि अवघड जातें, म्हणून त्या विक्रेत्यास आम्ही फारसा दोष देत नाहीं. एके दिवशीं पहांटे थोरल्या सूनबाई अंगणांत सडा घालावयास गेल्या, तों पिंजऱ्याच्या कोपऱ्यांत मादीनें आपल्याच पोटाचे केंस उपटून रचलेला एक मऊ ढीग त्यांस दिसला. ढीग हलत होता. त्यांतून सहा पिलें निघालीं. घरांत लहानथोर मिळून आम्ही अकरा माणसें. परंतु त्या सहा जिवांचें काय करावें हें त्यांतील एकासहि ठाऊक नव्हतें.

पुढील दोन महिन्यांत आम्ही पुष्कळ शिकलों. कांहीं पशुवैद्यांनीं शिकविलें, कांहीं अनुभवानें, आणि एक गोष्ट मात्र एका पिलाच्या जिवाचें मोल देऊन शिकलों. आपली चूक झांकून दुसऱ्यांस उपदेश करणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं, म्हणून ती हकीकतहि येथें देत आहों.

आमचें आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेलें. शश, शशांक, शशधर हे शब्द आम्हीं मुलांकडून किती वेळां घोकून घेतले असतील याची गणती नाहीं. जगांत जी वस्तूच नाहीं तिचें उदाहरण म्हणून नैयायिक सशाचें शिंग पुढें करतात, तेंहि सांगितलें. शश् हा धातु धातुपाठांत उड्या मारीत जाणें या अर्थीं दिलेला आहे. इतकें सगळें मुखोद्गत असूनहि त्या शब्दांतली उडी आम्हांस तोंवर दिसली नव्हती. हातांतलें पिलूं कोणतीहि पूर्वसूचना न देतां उसळी मारतें आणि आपण रिकाम्या ओंजळीकडे पाहत राहतों, तेव्हां ती दिसते.

येथें एक भेद स्पष्ट करणें अवश्य आहे. पंचतंत्रांत चंद्रसरोवराच्या कांठीं हत्तींच्या पायांखालीं तुडविला जाणारा ससा हा आपल्या रानांतला ससा होय. बाजारांत मिळणारा लालचुटूक डोळ्यांचा पांढरा ससा तो नव्हे. हा दुसरा मूळचा स्पेनकडील, बिळें करून राहणारा. रानसशाचीं पिलें जन्मतःच केंसाळ असून त्यांचे डोळे उघडे असतात. आई त्यांस गवतांत ठेवून दिवसभर दूर राहते. उसाची तोड चालूं असतां किंवा गवत कापतांना असें एखादें पिलूं सांपडलें, कीं गांवाकडील आप्तमंडळी तें पोरकें समजून मुलांसाठीं घरीं घेऊन येतात. तें पोरकें नसतें, आई संध्याकाळीं परत येते. शिवाय रानसशास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे, त्यास घरीं ठेवणें हा गुन्हा होतो. तेव्हां तें जेथें असेल तेथेंच राहूं द्यावें. या लेखांत पुढें जें येईल तें सर्व पाळीव सशाविषयीं समजावें.

मादी सुमारें ३१ दिवसांनीं विते. पिलें जन्मतः उघडीं असतात, डोळे मिटलेले व कानहि बंद. वजन ४०-५० ग्रॅम. डोळे दहाव्या ते बाराव्या दिवशीं उघडतात. आमच्या सौभाग्यवतींस पहिल्याच दिवशीं चिंता पडली, कीं ही बाळंतीण लेंकरांकडे फिरकतहि नाहीं. त्यांनीं तिच्यापुढें मेथी ठेविली, गोंजारून पाहिलें, थोडें रागेंहि भरल्या. वस्तुतः सशाची मादी चोवीस तासांत बहुधा एकदांच, आणि तेंहि तीन-चार मिनिटेंच, पिलांस पाजते. रानांत वारंवार बिळाकडे गेल्यास शत्रूस वाट दिसते, म्हणून निसर्गानें तिला हा संयम दिला असावा. पिलांचीं पोटें गोल व अंगें उबदार असलीं म्हणजे आईचें कर्तव्य पार पडलें असें समजावें. माणसाचा हात लागला कीं आई पिलूं टाकून देते, ही समजूत आमच्याहि घरांत होती. पाळीव सशापुरती ती खरी नाहीं. दिवसांतून एकदां, हात धुऊन व घरट्यांतील गवतावर चोळून, पिलें मोजावींत. एखादें दगावलें असल्यास काढून टाकावें. आणि पुन्हां केंसांचें पांघरूण घालून दूर व्हावें. नराला मात्र त्याच दिवशीं निराळ्या पिंजऱ्यांत हलवावें, कारण मादी व्याल्यापासून कांहीं तासांतच पुन्हां गाभण राहूं शकते.

या वयांतहि पिलूं पडतें, पण तें माणसाच्या हातून नव्हे. आई एकाएकीं उठून निघाली, कीं स्तनाला चिकटून राहिलेलें एखादें पिलूं तिच्याबरोबर फरफटत घरट्याबाहेर येऊन पडतें. मांजर आपलें पिलूं तोंडांत धरून परत नेतें. सशाची मादी तसें करीत नाहीं. उघडें पिलूं बाहेर थोड्याच वेळांत गारठतें. पांचव्या दिवशीं असें एक पिलूं आमच्याकडे पिंजऱ्याच्या दाराशीं सांपडलें, इतकें थंड व निपचित, कीं आम्हीं तें गेलेंच असें म्हटलें. सूनबाईंनीं तें ओच्यांत घेऊन अंगाशीं धरिलें आणि अर्धा-पाऊण तास जागच्या हलल्या नाहींत. तें हळूहळू वळवळूं लागलें. ऊब अशीच, शरीराची द्यावी; चुलीजवळ ठेवणें, कढत पाण्याची पिशवी उघड्या अंगास लावणें, उन्हांत ठेवणें हे प्रकार घातक आहेत. अंग पुरतें उबदार होईपर्यंत तोंडांत दूध तर घालूंच नये. ऊब आली कीं घरट्यांत भावंडांमध्यें सोडून द्यावें, बाकीचें आई पाहते. घरट्यास चार बोटें उंचीचा कांठ असला म्हणजे हा प्रसंग बहुतेक टळतो. आम्हीं त्याच दिवशीं जुन्या फळीचा एक तुकडा आडवा ठोकला.

खरा धोका तिसऱ्या आठवड्यापासून. पिलें घरट्याबाहेर येतात, अंगावर केंस असतात, कान उभे राहिलेले असतात आणि तीं इतकीं गोजिरवाणीं दिसतात, कीं मुलांचेच काय, मोठ्यांचेहि हात आपोआप पुढें होतात. याच वयांत तीं अत्यंत बुजरीं व उसळीं असतात. सशाच्या शरीराची घडण येथें ध्यानांत घ्यावी. त्याच्या सगळ्या हाडांचें वजन शरीराच्या वजनाच्या शेंकडा ७-८ इतकेंच भरतें. मांजराचें हेंच प्रमाण शेंकडा १२-१३ आहे. हाडें अशीं पोंचट, परंतु मागच्या पायांचे स्नायू मात्र अतिशय बळकट. तात्पर्य, ससा जमिनीवर आदळूनच जखमी होतो असें नाहीं. वरचें अंग कोणीं आवळून धरलें व मागचे पाय लोंबते राहिले, तर तो जी लाथ झाडतो त्या लाथेनेंच त्याचा कणा कमरेशीं मोडूं शकतो. जादूगार कान धरून ससा वर काढतांना चित्रांत दिसतो, तें चित्र मुलांच्या डोळ्यांपुढून जितकें लवकर जाईल तितकें बरें.

उचलण्याची रीत आम्हीं पशुवैद्यांकडून पाहून घेतली ती अशी. प्रथम खालीं बसावें. उभ्यानें उचलण्याची गरज फार क्वचित् असते, आणि पुष्कळशा मोठ्या दुखापती उभ्या माणसाच्या हातून होतात. एक हात छातीखालीं, पुढच्या पायांच्या मागें सरकवावा. दुसरा त्याच क्षणीं ढुंगणाखालीं न्यावा, म्हणजे मागच्या पायांस बसावयास जागा मिळते. मग तें लगेच आपल्या पोटाशीं टेकवावें व तोंड कोपराच्या खोबणींत लपूं द्यावें. अंधार मिळाला कीं तें शांत होतें. तें धडपडूं लागल्यास पकड आवळूं नये, हात त्याच्यासकट जमिनीपर्यंत खालीं न्यावे. पिंजऱ्यांत परत ठेवतांना शेपटीकडून आंत घालावें. जमीन समोर दिसली कीं तें वरूनच उडी घेतें, आणि ‘आतां पोंचलेंच’ म्हणून आपला हात सैल पडलेला असतो. आणखी एक खेळ मुलें करतात: पिलूं उताणें केलें कीं तें निश्चल पडतें, आणि ‘झोपलें, झोपलें’ म्हणून टाळ्या वाजतात. ती झोप नव्हे, भयानें आलेली निश्चेष्टता आहे.

लहान मुलांनीं उचलूंच नये हें उत्तम. चटईवर मांडी घालून बसावें, मांडीवर जुन्या धोतराची घडी ठेवावी, आणि पिलूं आपण होऊन येईल तेव्हां येऊं द्यावें. चटई केवळ बसण्यासाठीं नव्हे. गुळगुळीत फरशीवर पिलांचे पाय फांकतात व सांधे दुखावतात, म्हणून त्यांच्या वावराच्या जागीं चटई किंवा तरट अंथरावें. झोपाळा, जिना, ओटा आणि गच्ची या चार जागीं पिलूं नेण्यास सक्त मनाई असावी.

आमच्या घरीं मनाई होती. किंबहुना मनाईहून अधिक होतें, आणि तेथेंच आमचें चुकलें. चौतीस वर्षें वर्गापुढें उभें राहिलेल्या माणसास नियम केल्यावांचून चैन पडत नाहीं. पिलें घरट्याबाहेर येतांच आम्हीं मुलांस ओळीनें बसवून सांगितलें, कीं जो कोणी पिलूं पाडील त्याचा पिंजऱ्याशीं महिनाभर संबंध बंद. सर्वांनीं माना डोलावल्या. शाळेंत असतां फुटलेली कांच कधींच कोणीं फोडलेली नसे, हा अनुभव गांठीस असून आम्हांस तो त्या वेळीं आठवूं नये, याचें आज नवल वाटतें.

पिलें साडेतीन आठवड्यांचीं असतां एके सकाळीं ठिपक्या कानाचें एक पिलूं मागचे दोन्ही पाय ओढीत सरपटतांना दिसलें. अंगाखालचें गवत ओलें झालें होतें. तसेंच खोक्यांत घालून आम्ही व चिरंजीव पशुवैद्यांकडे गेलों. त्यांचा पहिला प्रश्न, “केव्हां पडलें?” आम्हीं ठणकावून सांगितलें, कीं आमच्याकडे पिलें पडत नाहींत. त्यांनीं कांहीं न बोलतां क्ष-किरणांचें चित्र काढलें आणि कमरेचा मणका कोठें मोडला आहे तें बोटानें दाखविलें. मागच्या पायांस चिमटा घेतला तरी त्यास जाणीव होत नव्हती. त्यास वेदनांतून सोडविणें एवढेंच हातीं होतें, आणि तें त्यांनीं आमच्या समक्ष, फार हळुवारपणें केलें.

थोरली नात त्या दिवशीं जेवली नाहीं. दुसऱ्या दिवशीं रात्रीं अंथरुणांत तिनें आजीस सांगितलें. आदल्या सायंकाळीं झोपाळ्यावर बसून तिनें पिलूं मांडीवर घेतलें होतें, झोपाळा हलला, पिलूं उडालें व फरशीवर आदळलें. तिनें तें उचलून पुन्हां घरट्यांत ठेविलें व वर गवत घातलें. रात्रभर ती जागी होती, दोनदां उठून पिंजऱ्यापाशीं जाऊन आली; पण सांगण्याचा धीर झाला नाहीं. “आजोबांनीं नियम केला होता ना,” एवढेंच ती आजीजवळ म्हणाली. आम्हीं पशुवैद्यांस मागाहून विचारलें, कीं तत्क्षणीं आणलें असतें तर पिलूं वांचलें असतें काय. त्यांनीं प्रामाणिकपणें सांगितलें, कीं मणका अशा प्रकारें मोडल्यावर बहुधा नाहीं. परंतु ती एक रात्र त्यानें वेदनेंत काढली, ती काढावी लागली नसती. नातीनें काढलेल्या रात्रीविषयीं ते बोलले नाहींत, तें आम्हीं आमचें समजून घेतलें.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं मुलांस पुन्हां बसविलें आणि पूर्वीचा नियम चुकला असें सर्वांदेखत सांगितलें. आजोबा चुकतात हें ऐकून धाकट्यास बरेंच कौतुक वाटलें. नवा नियम एवढाच, कीं पिलूं पडलें तर धांवत येऊन सांगावें, आणि सांगणाऱ्यास त्या दिवशीं कोणींहि, ‘कां पाडलेंस’ म्हणून विचारूं नये. मोठ्या माणसांस हा नियम पाळणें जड जातें. घरांतील अकरा जणांपैकीं कोणास सर्वांत जड गेला तें सांगत नाहीं.

तो नियम लौकरच कामीं आला. माघांत पिलें सात आठवड्यांचीं असतां धाकटा नातू, वय वर्षें सहा, सोबत्यास दाखविण्यासाठीं एक पिलूं ओट्यावर घेऊन गेला. आम्ही देवघरांत होतों. “आजोबा, मीं पाडलें!” अशी आरोळी आली आणि पाठोपाठ तो स्वतः आला. पूजा तशीच ठेवून आम्ही उठलों. पिलूं जिन्याखालच्या सांदींत शिरलें होतें, हनुवटीस रक्त दिसत होतें. अशा वेळीं घरांतील प्रत्येक जण त्यास पकडावयास धांवतो, आणि तीच ससेहोलपट आधीं थांबवावी लागते. घाबरलेल्या पिलाच्या दुखावलेल्या हाडास पळापळीनें अधिक इजा होते. आम्हीं दार लावून घेतलें, मुलांस बाहेर ठेविलें व दोन-चार मिनिटें नुसते बसून पाहिलें: चारी पाय टेकून चालतें काय, मान एका बाजूस कलते काय, श्वास नाकानें चालला आहे काय. ससा स्वभावतः नाकानें श्वास घेतो. तो तोंड उघडून धापा टाकूं लागला तर प्रसंग कठीण समजावा. तसेंच कान गार, हिरड्या पांढुरक्या व अंग ढिलें पडलें, मागचे पाय हलेनात, किंवा दांत करकर वाजूं लागले, तर क्षणाचाहि विलंब करूं नये. मागचे पाय लुळे दिसले म्हणून आपणच आशा मात्र सोडूं नये. कित्येकदां ती नुसती सूज असते व उपचारानें उतरते. निर्णय पशुवैद्यांनीं चित्र पाहून करावा.

मग अंगावर पंचा टाकून, पाठ वांकूं न देतां, तें उचललें व कापड अंथरलेल्या खोक्यांत ठेविलें. खोकें लहान असावें, म्हणजे उड्या मारावयास जागा राहत नाहीं. वर झांकण, वाऱ्यास भोकें. थंडीचे दिवस असल्यानें बाजूस कोमट पाण्याची बाटली फडक्यांत गुंडाळून ठेविली. उन्हाळ्यांत उलट सावलीची काळजी घ्यावी, सशास उष्मा अजिबात सोसत नाहीं.

एव्हांना सौभाग्यवती हळद घातलेलें दूध घेऊन आल्या होत्या. घरांत कोणीहि पडलें कीं हें दूध येतें, आणि आम्ही स्वतः तें साठ वर्षें पीत आलों. परंतु सशास तें देऊं नये; गाईम्हशीचें दूध त्याच्या पोटास मानवत नाहीं, आणि गलितगात्र जनावराच्या तोंडांत कोणतेंहि पातळ द्रव्य ओतल्यास तें फुप्फुसांत जाण्याचें भय असतें. औषधांच्या पेटीविषयीं तर अधिक कडक राहावें. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या अंदाजानें देऊं नयेत. आणि अमॉक्सिसिलिनसारखें पेनिसिलिनच्या जातीचें औषध तोंडावाटें दिल्यास सशाच्या आंतड्यांतील उपकारक जंतु मरून तो दगावतो, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

पशुवैद्यांनीं तपासून सांगितलें, कीं ओठ फाटला आहे व वरच्या पुढच्या दांताचा अर्धा तुकडा गेला आहे, हाडें शाबूत. वजन पाहून त्यांनीं वेदना थांबविणाऱ्या औषधाचे थेंब दिले आणि पुढचें चोवीस तास खाण्यावर व लेंड्यांवर नजर ठेवावयास सांगितलें. सशाचें पोट सतत चालूं असावें लागतें. बारा तासांत त्यानें कांहीं खाल्लें नाहीं, किंवा लेंड्या पडल्या नाहींत, तर पडण्याच्या जखमेहून हेंच जिवावर बेततें. मूत्र लालसर दिसल्यास तें रक्तच असतें असें नाहीं, कांहीं पाल्यांनींहि तसा रंग येतो. तथापि पडल्यानंतर तसें दिसलें तर दाखवावें. आमच्या नातवानें खोक्याशेजारीं बसून लेंड्या मोजल्या व त्यांचा हिशेब पाटीवर मांडला. रात्रीं आठच्या सुमारास पिलानें कोथिंबिरीचें एक पान ओढलें.

सशाचे पुढचे दांत जन्मभर वाढत असतात, आठवड्यास साधारण दोन-तीन मिलिमीटर. महिन्याच्या आंत तो तुटका दांत शेजाऱ्याच्या बरोबरीस आला.

पशुवैद्यांचा शोध मात्र पिलूं पडण्याच्या आधीं घेऊन ठेवावा. महाराष्ट्रांत जिल्ह्याच्या ठिकाणीं सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतें, आणि मुंबईकरांस तर परळला १८८६ सालीं स्थापन झालेलें पशुवैद्यक महाविद्यालय व तेथलें बाई साकरबाईंच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय परिचित आहे. तथापि गाईबैलांचा वा कुत्र्यांचा प्रत्येक वैद्य सशाच्या बाबतींत तितकाच सरावलेला असेल असें नाहीं. ससे कोण पाहतो, रात्रीं कोण भेटतो, हें विचारून पत्ता पिंजऱ्यावर चिकटवून ठेवावा. आमच्याकडे तो आतां आहे.

तीन पिलें आम्हीं ओळखीच्या घरीं दिलीं, दोन ठेविलीं. नरावर शस्त्रक्रिया करविल्यामुळें पुढील बाळंतपणाची धास्ती उरली नाहीं. धाकटा नातू आपल्या दांत-पडक्यास घेऊन, खालीं बसून, येईल त्या पाहुण्यास उचलण्याची रीत शिकवितो, आणि शिकवितांना आमच्याच आवाजांत बोलतो असें घरांत सर्वांचें मत आहे. थोरली नात अजून पिलूं उचलीत नाहीं. सायंकाळीं परवचा झाला कीं ती अंगणांत चटई टाकते, तिच्यावर मांडी घालून बसते, आणि ओंजळींत कोथिंबीर धरून वाट पाहते. कधीं एक येतें, कधीं दोन्ही येतात.